पिवळी रेघ

"अहो बाई, हात कशाला लावताय त्याला?" तात्या खुर्चीतून अर्धे उठले.

बाईंनी हात लावला नव्हता. नुसती फाइल उघडली होती. पण ती तात्यांची होती. ऑफिसच्या प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे, हे मशीनला सांगणारी बिल्डची स्क्रिप्ट. ती चालू केली की तासभर सगळे हात बांधून मोकळे. तात्या जिन्यात जाऊन बहिणीशी फोनवर बोलत. टेस्टिंगवाला खाली पाय मोकळे करून येई. डिझाइनवाल्या वहिनी विणकाम काढत. साहेब काचेच्या केबिनमध्ये डोळे मिटून धोरण ठरवत.

बिल्ड इतका का रेंगाळतो, म्हणून हेड ऑफिसने नवा एडिटर प्रोग्रॅम पाठवला होता आणि सोबत या बाई, कायमच्या. एडिटर म्हणे स्क्रिप्ट लिहायला मदत करतो. दोन अक्षरं टाका, पुढचं तो सुचवतो. चुकलं की तांबडी रेघ, बिनकामाची ओळ दिसली की पिवळी. तात्यांना त्याच्या या मनमिळाऊपणाचाच संशय आला. मागितल्याशिवाय इतकी मदत कोण करतं?

शिवाय रिटायरमेंट तोंडावर आली होती आणि स्क्रिप्टच्या मध्यावर तात्यांनी कधीकाळी टाकलेली एक ओळ होती : दहा मिनिटं थांब. शेजारी कारण : सर्व्हर निवण्यासाठी. तो सर्व्हर जन्मात कधी तापला नव्हता.

पिवळी रेघ उमटली.

"ही ओळ काहीच करत नाही, तात्या," बाई म्हणाल्या. "कोणी लिहिली, तेही दाखवतो हं हा."

"चोंबडा आहे," तात्या म्हणाले.

बाई खाली सरकल्या. आणखी एक रेघ. पंधरा मिनिटं थांब, नेटवर्क शांत होण्यासाठी. टेस्टिंगवाला एकदम टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. तिसरी रेघ. डिस्कला विश्रांती. वहिनींची सुई थांबली. इतकी वर्षं या ऑफिसात आपण एकटेच लबाड, अशी तात्यांची समजूत होती. त्यांना थोडा अपमानच वाटला.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले.

"सापडलं का कारण? ज्याचं कोणाचं असेल, त्याचं नाव आजच वर जाणार. मी गय करणार नाही."

"सापडतंय, साहेब," बाई म्हणाल्या आणि आणखी खाली सरकल्या.

चौथी ओळ सगळ्यात लांब थांबत होती. कारण : सुरक्षेच्या दृष्टीने. शेजारी नाव. बाईंनी ते मोठ्याने वाचलं नाही. साहेब चष्मा पुसू लागले होते.



"या पिवळ्या रेघा," साहेबांनी विचारलं, "बंद करता येतात?"

"येतात."

"मग करा. आणि वर कळवा, एडिटर उत्तम आहे."

साहेब आत गेले. मंडळी पांगली. तात्या फोन घेऊन जिन्याकडे निघाले, पण दारातून त्यांनी एकदा मागे पाहिलं.

बाईंनी इकडेतिकडे बघून खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रिप्टच्या शेवटी दोन अक्षरं टाकली. एडिटर एव्हाना ऑफिसात रुळला होता. पुढची ओळ त्याने स्वतःच पूर्ण केली, कारणासकट.