थँक गॉड

सप्टेंबर लागला आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटावरल्या लर्विकला पहिलं वादळ धडकलं. किनाऱ्यावर जाऊ नका म्हणून सगळ्यांना बजावलेलं असतानाही डॉक्टर सुप्रभाचा नवरा अंबरीश लाटांचे फोटो काढायला गेला. संध्याकाळी ओलाचिंब होऊन हसत घरी आला, तर तिने त्याचा कॅमेरा हिसकावून फरशीवर आपटला.

“अगं, वेड लागलंय का तुला? धडधाकट परत आलोय ना मी!”

“दुपारी हॉस्पिटलमध्ये एकाला आणलं. लाटेने खडकावरून ओढून नेलं होतं. आणलं तेव्हाच गेलेला होता. जाकीट अगदी तुझ्यासारखं.”

तो तिला जवळ घ्यायला गेला. तिने त्याला ढकलून दिलं.

“हात लावू नकोस! त्याचा चेहरा बघितला आणि मी मोठ्याने ‘थँक गॉड’ म्हणाले, अंबरीश. दारात त्याची बायको उभी होती.”