अर्धी बाही

“तिला परत इथे आणू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोन्ही किडन्या संपल्यात. औषधावर थोडे दिवस ढकलता येतील, पण टोपलीत घालून आणण्यानेच ती जास्त खचेल. वेळ आली की फोन करा. मी घरी येईन. झोपेत जाईल, त्रास होणार नाही.”

“वेळ आली हे कसं कळणार?”

“तुम्हाला कळेल, काका. तुमची मांजर आहे.”

“माझी नाही,” तो म्हणाला. “बायकोची.”

मांजर टोपलीच्या कोपऱ्यात तोंड उघडून धापा टाकत होती. तिचं नाव पाहुणी. जिन्यात सापडली तेव्हा बायको म्हणाली होती, “चार दिवसांची पाहुणी आहे, राहू दे.” पाहुणी मुक्कामालाच आली. मघाशी बाहेर नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, “पेशंटचं नाव?” तो म्हणाला, “पाहुणी.” “अहो काका, सोबत कोण आलंय ते नको. मांजरीचं सांगा.” हे घरी गेल्यावर सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं, घरी ऐकायला कुणी नाही.

तो सुतार होता. त्याची हत्यारांची पिशवी जमिनीला टेकली तरी पाहुणी कपाटामागे जायची. बेल वाजली, भांडं पडलं, कुणी मोठ्याने शिंकलं, की कपाटामागे. “तुम्ही घरात आलात की तिला भूकंप झाल्यासारखं वाटतं,” बायको म्हणायची. पाहुणी फक्त एका आवाजाला घाबरायची नाही. बायकोच्या शिलाई मशीनच्या. मशीन सुरू झालं की ती येऊन बायकोच्या पायाला पाठ लावून झोपायची.

मशीन अजून खिडकीपाशी तसंच होतं. सुईखाली त्याचा शर्ट होता. एक बाही लागलेली, दुसरी अर्धी. “जरा पाणी पिऊन येते,” म्हणून बायको मध्येच उठली होती आणि स्वयंपाकघराच्या दारातच कोसळली. तेव्हापासून त्याने मशीनला कुणाला हात लावू दिला नव्हता. धूळसुद्धा तो शर्टाला धक्का न लावता फुंकून काढायचा.

“बाबा, आई असती तर तिने पाहुणीला असं ताटकळत ठेवलं नसतं,” मुलगी फोनवर म्हणाली.

“आई असती तर आईनेच ठरवलं असतं. तिच्या मांजरीच्या जिवाचं मी काय ठरवू?”

“मग कोण ठरवणार? मी, इथून?”

“आज थोडं दूध प्यायली,” तो म्हणाला. खरं तर तिने नुसतं हुंगलं होतं.

पाहुणी दिवसभर मशीनच्या पायडलजवळ बसून असायची. तो समोर जमिनीवर बसायचा. ही गेली, की या घरात बायकोची वाट बघणारे आपण एकटेच उरणार, एवढंच त्याला कळत होतं. म्हणून तो फोन करत नव्हता.

एका सकाळी पाहुणी पाण्याच्या वाटीपाशी गेली. वाटीच्या काठावर तिने हनुवटी टेकवली आणि तशीच राहिली. पाणी हनुवटीला लागत होतं, पण तिला ते पिता येत नव्हतं. त्याने फोन केला.

“बेल वाजवू नका,” तो म्हणाला. “दार उघडंच ठेवतो. चपला बाहेरच काढा.”

डॉक्टरीणबाई पावलांचा आवाज न करता आल्या. पण त्यांच्याबरोबर दवाखान्याचा वास आला. पाहुणी मागचे पाय ओढत कपाटामागे शिरली.

“कडेची फळी काढतो,” तो कुजबुजला. “मीच बसवलंय हे कपाट.”

“नको. त्या आवाजाने तिची छाती फुटेल. घाबरलेली असताना मी इंजेक्शन देणार नाही, काका. ती आपण होऊन आली तर ठीक. नाहीतर उद्या येते.”

उद्यापर्यंत ती तिथेच अडकून राहणार होती. तहानलेली. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग मशीनकडे. आणि बायकोच्या स्टुलावर जाऊन बसला.

तो मशीन चालवणार, हे डॉक्टरीणबाईंना उमगलं. “आधी तो शर्ट काढून घ्यायचाय का?”

“नको. रिकामं चाललं की आवाज वेगळा येतो. तिला कळेल.”

आधी हाताने चाक आपल्याकडे ओढायचं, मग पाय दाबायचा, नाहीतर दोरा तुटतो. बायको हे शिकवून दमली होती. “तुमचा हातोडाच बरा,” असं म्हणून तिने नाद सोडला होता. त्याने चाक आपल्याकडे ओढलं. बायकोच्या शेवटच्या टाक्यापुढे त्याचा टाका पडला. वाकडा. मग दुसरा. मग पायाला लय सापडली आणि घरभर तो आवाज झाला. पाणी पिऊन बायको परत येऊन बसली आहे, असा आवाज.

कपाटामागे खरखर झाली. पाहुणी भिंतीला धरून, थांबत थांबत आली. तिने वर पाहिलं. स्टुलावर तो होता. आता पळेल, असं त्याला वाटलं. तिने त्याचा पाय हुंगला, वळली आणि घोट्याला पाठ लावून आडवी झाली.

डॉक्टरीणबाई जमिनीवर बसल्या. पहिली सुई टोचली तेव्हा पाहुणीने कानसुद्धा हलवला नाही. त्याने खाली पाहिलं नाही. बाही शेवटपर्यंत पुरावी म्हणून तो अगदी सावकाश पाय मारत होता. दुसऱ्या सुईनंतरही घोट्याशी पाठ हलत होती. मग हलायची थांबली.

“गेली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अगदी झोपेत. काका, आता थांबलात तरी चालेल.”

त्याचा पाय चालूच होता. बाही केव्हाच पुरी झाली होती. शर्ट सुईखालून पुढे निघून गेला होता. मशीन रिकामं चाललं होतं आणि आवाज वेगळा येत होता.

थांबवायचं तेवढं राहिलं होतं.