सिनालेईच्या चार ओळी

सिनालेईचं नाव पुकारलं गेलं आणि पेसामिनोंच्या तळहातांना घाम सुटला.

वर्षातून एकदा येणारा मुलांचा रविवार, मुलांनी पाठ केलेल्या ओळी सगळ्यांसमोर म्हणायचा. चर्च खचाखच भरलं होतं. त्यांची सहा वर्षांची नात पांढऱ्या झग्यात, चाकांच्या चौकटीला धरून, बाकांमधून निघाली. एक पाय टेकायचा, दुसरा ओढायचा. तिची जीभही जन्मापासून पायांसारखीच जड होती.

सकाळीच त्यांनी आपल्या मुलीला, लांगीला, पाटीवर लिहून दाखवलं होतं, "तिला पाठवू नकोस."

लांगी सिनालेईची वेणी घालत होती. "तिनंच हट्ट धरलाय, बाबा. अडवायचं असेल तर तुम्ही अडवा. पण तोंडानं सांगा, पाटीवर नको."

त्यांनी पाटी पुसून टाकली.

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत पेसामिनो गावाचे वक्ते होते, गावाच्या वतीनं दुसऱ्या गावाच्या वक्त्याशी भाषणात भिडणारे. लग्न असो की मयत, ते काठी टेकून उभे राहिले की समोरचं गाव तिथंच निम्मं हरायचं. मग अर्धांगाचा झटका आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शब्द लाळेसारखे ओघळू लागले. डॉक्टरीण म्हणाली, "रोज बोला, सुधारेल." ते एकदाच बोलले, आरशासमोर, आणि त्यानंतर त्यांनी पाटी धरली. गाव कसं हसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका तोतऱ्या माणसाची भर सभेत नक्कल करून त्यांनीच गावाला पोट धरून हसवलं होतं. तो माणूस पुन्हा कधी सभेत उभा राहिला नाही.

सिनालेई पुढे पोचली. वळली. बाहीनं हनुवटी पुसली.

"देवा," ती म्हणाली. एवढा एक शब्द काढायला तिची मान, खांदे, बोटं, सगळं अंग कामाला लागलं. "आमच्या घराला... भिंती नाहीत."

पेसामिनोंनी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. चारच तर ओळी. एक झाली. देवा, उरलेल्या तीन होऊ देत.

"खांब आहेत... वारा आहे. म्हणून तू... चारी बाजूंनी..."

आणि ती थांबली.

पंखे फिरत राहिले. कुणीतरी खोकलं. मागच्या बाकावरची पोरं खुसखुसली. पाद्रीबाई हातातल्या कागदावर ओळ शोधू लागल्या, त्यांना ती सापडेना. सिनालेई तशीच उभी होती, तोंड उघडं, नजर जमिनीवर. झालं. आता हसतील. एकदा हसले की ही पोर जन्मात तोंड उघडणार नाही.

काय होतंय हे कळायच्या आत ते उभे राहिले होते.

"रा... राखण कर!"

वाकडा, फाटका, थुंकीनं भिजलेला आवाज. अख्ख्या चर्चनं तो ऐकला. लांगीनं दचकून वळून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पेसामिनोंना आता खाली बसणंही जमेना.

सिनालेईनं हळूहळू मान वर केली.

"'राखण कर'... नाही, आजोबा," ती म्हणाली. "ये. चारी बाजूंनी... ये."

चर्च हसलं. म्हातारे हसले, पोरं हसली, पाद्रीबाई कागदाआड हसल्या. आठ महिने ज्याच्या धाकानं त्यांनी दात आवळून धरले होते, तेच हसू सगळीकडून अंगावर आलं. पेसामिनोंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्यांचं स्वतःचं वाकडं तोंडही हसत होतं.

या रविवारी मुलांची पंगत आधी बसते, मोठी माणसं वाढतात. पेसामिनोंनी नातीच्या पानात डुकराच्या मटणाचा मऊ तुकडा वाढला आणि तिच्याशेजारी बसकण मारली. पाटी घरीच राहिली होती.

"तू... वि-विसरलीस," ते एकेक शब्द ढकलत म्हणाले, "म्हणून मी..."

"विसरले नव्हते काही!" तिनं घास गिळला. "जीभ दमली होती. ती दमली की मी थांबते, मग परत बोलते." मग तिनं तेलकट हात त्यांच्या गालावर ठेवला.

"तुमची फारच दमली होती ना, आजोबा?"