होडी वर आली की

"खुर्ची सोड आता," तोल सांभाळायला शिकवणाऱ्या वर्गाची शिक्षिका जोन म्हणाली. "नुसती बोटं टेकव."

रूथनं बोटं टेकवली, उजवा पाय उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"बगळा थकला," शेजारी पाय ताणत बसलेली लोसा म्हणाली. "राहा की गुमान इथेच, पोरिरुआत. काय कमी आहे?"

"समुद्र गार आहे इथला," रूथ म्हणाली आणि पाय पुन्हा उचलला.

रूथला जायचं होतं त्या फाकाओफो बेटावर विमान उतरत नाही. जहाज बाहेर थांबतं आणि माणसं लाटेवर झुलणाऱ्या सपाट होडीत उतरतात. होडी वर आली की पाऊल टाकायचं. क्षण चुकला की संपलं. नवरा, कुरेसा, गेल्यापासून रूथ घरात दोनदा पडली होती. बाहेर पडणंही तिनं सोडलं होतं. म्हणून मुलीनं, सिनानं, अट घातली होती: संध्याकाळची प्रार्थना संपेपर्यंत एका पायावर उभी राहा, मग तिकीट काढते.

रूथ भांडी घासायची तीही एका पायावर. वर्गात टाचेला अंगठा लावत जमिनीवर आखलेल्या पट्टीवरून चालायची. तोंडी मात्र फाकाओफोच. चर्चमागची विहीर. किनाऱ्यावर मांडलेले मासे आणि घराघराचं नाव पुकारून दिलेले वाटे.

"आई, आता तिथे आपलं कोण आहे?" सिना विचारायची.

"घर आहे ना. नाव पुकारतील."

"निघालीस तेव्हा केवढी होतीस गं?" लोसानं एकदा विचारलं.

"बोलू नकोस, तोल जातोय माझा."

शेवटी एका संध्याकाळी सिनानं प्रार्थनेत सगळ्या चुलत काकांची नावं घेतली, मग त्यांच्या बायकांची. रूथचा पाय हलला नाही.

"झालं का? की शेजारीपाजारी राहिलेत?" तिनं विचारलं.

सिना हसली, मग रडली.

अपिया बंदरातून निघालेलं जहाज बेटाबाहेर थांबलं. होडी खाली गेली, वर आली. सोबत आलेल्या सिनानं डोळे मिटून घेतले. रूथनं पाऊल टाकलं आणि कुणाचाही हात न धरता होडीत उभी राहिली.

"शाबास, ताई," सुकाणूवरचा म्हातारा म्हणाला. "लहानपणीची सवय, अंगातून जात नाही. किती वर्षांनी परतलीस?"

रूथ किनाऱ्याकडे बघत होती.

"मी पहिल्यांदाच येतेय," ती म्हणाली. "परतायचं होतं ते कुरेसाला."