मैलभरावरून दिसणारं नाव

आईच्या नावाची बोट थोरल्या लवूच्या वाटणीला आली आणि धाकट्या सुजयशी त्याचं बोलणंच तुटलं. नारळी पौर्णिमेआधी लवूने मिरकरवाड्यात बोट रंगवायला काढली.

"'येसूबाई' असं जाड काढ, की सुजयला मैलभरावरनं वाचता आलं पाहिजे. जळू दे मेला!"

पेंटरने मग दुकानाच्या पाटीवर काढतात तसं अक्षर काढलं. पांढऱ्यावर काळं, प्रत्येक दांडी हातभर उंच आणि तिच्या खाली विटेसारखा चौकोनी पाय.

"बोट हाय की सिमेंटचा गोडाऊन?" बंदरावर सगळे हसले. सुजय तेवढा हसला नाही. लवूला फार बरं वाटलं.

गणपतीनंतरच्या वादळात इंजिन बंद पडलं, वायरलेस गेला, बोट वाहत चालली. तेवढ्यात लांबवर एक ट्रॉलर दिसला, सरळ त्यांच्याच दिशेने येणारा. खलाशांनी अंगातले शर्ट काढून हलवले. बंद पडलेल्या बोटीला दोर टाकल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, मग ती वैऱ्याची का असेना.

 

मैलभर अंतर उरलं असताना सुजयने आईचं नाव वाचलं आणि ट्रॉलर वळवला.