कोऱ्या जागेतलं नाव

“तुमचं रक्त कोण काढत होतं?” वुओरीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“कोणीच नाही,” तुओमो म्हणाला. एव्हाना ते त्याचं त्यालाच खोटं वाटायला लागलं होतं.

चौकशी समितीच्या वुओरीबाई सकाळीच हेलसिंकीहून गाडी घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद पसरला. त्यावर खाली जाणारी आणि पुन्हा वर चढणारी रेघ होती. ते पाच हंगामांतलं तुओमोचं रक्त होतं. प्रत्येक मोठ्या शर्यतीआधी ते कमी झालेलं आणि मग शरीराने घाईघाईने नवं बनवलेलं.

“रक्त असं आपोआप कमी होत नाही. कोणीतरी ते काढतं, पिशवीत साठवतं आणि शर्यतीच्या तोंडावर परत चढवतं. तेव्हाच पन्नास किलोमीटर स्की करून माणूस हसत हसत पोचतो.”

“याच्या अंगाला सुई लावायची हिंमत आहे कोणाची?” कॉफी ओतता ओतता साइमी मावशी कडाडली. आई गेल्यावर तिनेच तुओमोला वाढवलं होतं. “दंड बघा त्याचे! बघा ना!”

दंड समितीने आधीच बघितले होते. एकही खूण सापडली नव्हती. त्यामुळे समितीचा संशय आणखी वाढला होता. हे काम सफाईदार हाताचं होतं.

तुओमो चौतीस वर्षांचा होता. बंदी चार वर्षांची होती, म्हणजे कायमचीच. पण रक्त काढणाऱ्याचं नाव जबानीच्या कागदावर लिहून दिलं तर दोन वर्षं. तिसऱ्या हिवाळ्यात जागतिक स्पर्धा घरच्या बर्फावर होणार होत्या. तिथे एकदा धावून दाखवायचं आणि मग खुशाल म्हातारं व्हायचं, एवढंच त्याला हवं होतं. गावाच्या वळणावर ‘जगज्जेत्याचं गाव’ अशी पाटी होती. गेल्या आठवड्यात कोणीतरी तिच्यावर कचऱ्याची काळी पिशवी बांधली होती. काल दुकानात म्हाताऱ्या आर्वोने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काय रे, आज कुठलं पेट्रोल भरलंस?”

“डॉक्टर हाल्मे तुम्हाला इंजेक्शनं द्यायचे,” वुओरीबाई म्हणाल्या.

“लोहाची. शर्यतीआधी दरवेळी माझं लोह कमी व्हायचं. का, ते त्यांनाही कळायचं नाही.”

“लोहाचीच होती, हे तुम्ही पाहिलं होतंत?”

तुओमोने ते कधी पाहिलं नव्हतं. बाटलीवरचं कधी कोण वाचतं?

“म्हणजे सुई त्यांच्याच हातात होती,” वुओरीबाई हळूच म्हणाल्या आणि सिगारेट ओढायला अंगणात गेल्या.

हाल्मे तुओमोच्या स्की संघाचे डॉक्टर होते. नऊ वर्षं त्यांनी त्याचे गुडघे, खोकला, रुसवे सगळं सांभाळलं होतं. एकदा तपासताना त्याच्या पाठीवरचे ओरखडे बघून ते म्हणाले होते, “मांजर पाळलंस की लग्न केलंस?” मावशीच्या सॉनातले, वाफेच्या खोलीतले आहेत, असं त्याने सांगितलं, तेव्हा हसून म्हणाले, “वाफ घेताना बर्चच्या फांद्यांनी इतकं झोडपून घेऊ नये रे, बाबा.” असा माणूस करेल का असलं काही? पण मग दुसरं कोण?

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरच होते.

“तुओमो, उद्या मी तुझ्या बाजूने साक्ष देतोय. तू असला पोरगा नाहीस, असं सांगणार आहे. पण मला तरी खरं सांग. करत काय होतास?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मला कसं माहीत असेल?”

तुओमोने फोन ठेवला. हा माणूस विचारत होता की चाचपत होता? दुसऱ्या कोणाच्या हातात सुई होती? कोणाच्याच नाही. सगळीकडून फिरून तो त्याच एका नावाशी येत होता.

वुओरीबाई आत आल्या तेव्हा तो म्हणाला, “द्या तो जबानीचा कागद.”

कोऱ्या जागेत त्याने ‘रिस्तो हाल्मे’ असं लिहिलं. खाली सही करताना त्याला रडू आलं. आपण नीच आहोत असं वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. मावशी पाठ फिरवून कप धूत राहिली.

निघताना वुओरीबाई अंगणातल्या सॉनाच्या खोलीपाशी थबकल्या. दाराबाहेर एका दोरीवर गायीची लहान लहान शिंगं वाळत होती.

“गुरं आहेत वाटतं?”

“होती, माझ्या आजीची,” मावशी म्हणाली. “तिनेच बनवलेली शिंगं आहेत ती. सावकाश जा हो, रस्ता निसरडा आहे.”

गाडी वळणाआड गेली. मावशीने सॉनाच्या चुलीत लाकडं घातली. तासाभराने तापलेल्या दगडांवर पाणी पडलं आणि खोली वाफेने भरली. तुओमो फळीवर पालथा पडला.

“आता शर्यत नाही, मावशी. कशाला?”

“नसू दे. मनाला जे लागलंय तेही रक्तातच साचतं. हलकं करते तुला, नेहमीसारखं.”

तिने दोरीवरून शिंग काढलं, त्याच्या पाठीवर टेकवलं आणि निमुळत्या टोकाला तोंड लावून हवा ओढून घेतली. मग चिमुकल्या पात्याने तिथे चिरे दिले आणि शिंग पुन्हा बसवलं. अशा बारा तुंबड्या लागल्या. एकेक शिंग भरलं की ती घमेल्यात रिकामं करायची आणि पुन्हा लावायची.

“या खेपेला फारच निघतंय,” ती म्हणाली. “शर्यतीआधी निघतं त्याच्या दुप्पट. जाऊ दे सगळं वाईट रक्त.”

तुओमोने डोळे मिटले. अंग खरंच हलकं होत चाललं होतं. हाल्मे डॉक्टरांनी आपलं रक्त काढलं तरी कधी, हे मात्र अजूनही त्याच्या लक्षात येत नव्हतं.