लीलाचा आवाज

लीला हे मुद्दाम करते, यात मालूबाईंना आता काडीची शंका उरली नव्हती. गाण्याचा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. बाकीच्या गाण्यांना ही बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मालूबाईंच्या आईचं गाणं लागलं की मात्र हिला कंठ फुटायचा, आणि तोही नेमका वरच्या ओळीला.

वर्ग गुलाबाईच्या गाण्यांचा होता. पूर्वी भादव्यात घरोघर मुली गुलाबाई मांडायच्या, महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकल्या डब्यातला खाऊ ओळखायच्या. आता बुऱ्हाणपुरात ती गाणी येणाऱ्या बाया थोड्याच उरल्या, म्हणून हिमानी नावाच्या गाण्याच्या मास्तरणीनं शाळेच्या हॉलात वीस-पंचवीस जणी गोळा केल्या होत्या. रविवारी कार्यक्रम होता. शेवटचं गाणं मालूबाईंचं ठरलं होतं. जसोंडीला त्यांची आई ते म्हणायची, आणि आता ते पूर्ण एकट्या मालूबाईंनाच पाठ होतं. ऐकायला जसोंडीहून सगळं माहेर गाडी करून येणार होतं.

माहेरासमोर आईचं गाणं, आणि त्यात हिचं बोंबलणं.

गाण्यात गुलाबाई सासरी निघते आणि वाटेत तापी आडवी येते. 'तापीमाय, थांब गं घडीभर' ही ओळ वर चढते. आई ती सुतासारखी ओढत न्यायची. तिथं लीला असा आवाज लावायची की खिडकीतली कबुतरं उडायची.

मालूबाईंनी जागा बदलून पाहिली. खिडकीशी बसल्या. लीला आपली चटई उचलून शेजारी हजर. दुसऱ्या दिवशी पेटीजवळ बसल्या. लीला तिथंही.

"काय वं, एवढ्या हॉलात तुला दुसरी जागा नाही का?"

"इथं वारा लागतो, जिजी."

"मग वारा खा. माझे कान खाऊ नको."

लीला नुसती हसली. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, पण रागवायला म्हणून कधी शिकली नाही. त्याचाही मालूबाईंना राग यायचा.

मालूबाई शाळेत दोनच इयत्ता गेलेल्या, पण कानाच्या बाबतीत त्यांनी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. लहानपणी डबा कानाशी हलवला की फुटाणे का शेंगदाणे, लगेच सांगायच्या. हिमानीनं वर्गातही तो खेळ ठेवला होता. एकदा लीलानं आणलेला डबा वाजेचना. सगळ्या जणी हरल्या. मालूबाईंनी एकदाच हलवला.

"वाजत नाही, मतलब दराबा."

झाकण काढलं तर रव्याचा मऊ पांढरा दराबा.

"ह्या कानांना फसवणारं अजून जन्मायचंय," त्या म्हणाल्या होत्या, आणि पहिला घास त्यांनीच घेतला होता.

मंगळवारी लीला भाचीकडे फोपनारला गेली होती. त्या दिवशी मालूबाईंचं मन असं निवलं की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. बाया चहा पिताना जरा गप्पच होत्या, पण बायांचं काय, त्यांना चांगल्याचं कौतुक नसतंच.

बुधवारी लीला परत आली, आणि पुन्हा तेच.

शुक्रवारी शेवटची तालीम होती. गाणं संपल्या संपल्या मालूबाई उठून उभ्या राहिल्या.

"हिमानी, रविवारी स्टेजवर एकतर ही बसेल, नाहीतर माझ्या आईचं गाणं होईल. दोन्ही होणार नाही."

"आजी, ॲडजस्ट करून घ्या ना. आता दोनच दिवस राहिले."

"तू मोबाइलात रोजचं गाणं भरतेस ना? लाव. हिलाही ऐकू दे, कशी हंबरते ती."

"रहने दो ना, आजी."

लीला पुढं आली. "जिजी, मी रविवारी येत नाही. घरी बसते. पण मोबाइल नको."

"का? आता लाज वाटली?" मालूबाई हिमानीकडे वळल्या. "लाव गं. माझं माहेर येणार आहे, मला पक्कं झालं पाहिजे."

हिमानीनं एकदा लीलाकडे पाहिलं. मग मान खाली घालून बोटाला आलं ते लावलं.

गाणं सुरू झालं. मालूबाईंनी डोळे मिटले, डबा कानाशी धरल्यावर मिटायच्या तसे. गुलाबाई निघाली, तापी आली, ओळ वर चढली. बाकीचे आवाज वर गेले आणि एक आवाज खालीच अडकला. रस्त्यावरून पत्रा ओढत न्यावा तसा खरडत राहिला.

"घ्या," मालूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "ह्याला तर कानही लागत नाहीत. लीला."



"हो जिजी, मीच ती," लीला घाईनं म्हणाली. "बंद कर गं, हिमानी."

हिमानीचं बोट दोनदा चुकलं. तोवर गाणं संपलं होतं. मोबाइलात बांगड्या वाजल्या, कपबशा वाजल्या, आणि मग तोच खरखरीत आवाज खुशीत बोलला, "घ्या गं, आजचा चहा माझ्याकडून. लीला फोपनारला गेली, तर गाणं कसं सरळ चाललं बघा."

मोबाइल बंद झाला. लीलानं खाली वाकून आपली चटई गुंडाळली आणि मागच्या रांगेकडे निघाली.

"लीले," मालूबाई म्हणाल्या, "आण ती चटई इकडं. रविवारी माझ्याच शेजारी बसायचं, आणि वरच्या ओळीला दबून गायलीस तर याद राख."